नकाशावरचा रिकामा चौकोन

ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या रानवनस्पतींचा ठिपक्यांचा पहिला नकाशासंग्रह १९६२ साली आला. संपादक होते फ्रँकलिन पेरिंग आणि मॅक्स वॉल्टर्स. पद्धत सरळ आहे. सगळ्या देशावर १० किलोमीटर बाजूचे चौकोन आखायचे, चौकोनात रोप सापडलं की एक ठिपका द्यायचा. रोप एकच असो वा लाखभर, ठिपका एकच. २०२३ साली आलेल्या ताज्या नकाशांचा पायाही हाच चौकोन आहे, म्हणून साठ वर्षांतला फरक मोजता येतो.

नोंदीत चार गोष्टी हव्यातच: काय, कुठे, कधी, कोणी पाहिलं. घोटाळा होतो तो बहुतेक 'कुठे' लिहिताना. ब्रिटनच्या नकाशा-जाळीत प्रत्येक चौकोनाला अक्षरं आणि आकडे असतात; केंब्रिजचा एक चौकोन टीएल४५. टीएल हे मोठ्या विभागाचं नाव; त्यापुढे आधी किती पूर्वेला याचा आकडा, मग किती उत्तरेला याचा. घाईत टीएल५४ लिहिलं की रोप आग्नेयेला १४ किलोमीटर सरकतं. तिथेही केंब्रिजशरचा भाग आहे, त्यामुळे तपासणाऱ्याला शंका येतेच असं नाही. सोबत गावाचं नाव लिहिलं तर चूक लगेच उघडी पडते.

मोठ्या चौकोनाचे २ किलोमीटर बाजूचे २५ तुकडे पाडतात. त्यांना ए ते झेड अक्षरं देतात, फक्त ओ गाळतात, कारण तो शून्यासारखा दिसतो. ए नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात असतो आणि अक्षरं तिथून वर उत्तरेकडे चढत जातात. फिरायचे तुकडे निवडताना जंगल, ओढा, शेताचा बांध, चर्चचं आवार, रस्त्याची कड असं सगळं यायला हवं. आणि एकच फेरी पुरत नाही. एप्रिलमध्ये जंगलभर पसरलेलं वुड ॲनिमोन भर उन्हाळ्यात जमिनीवर दिसतही नाही. उलट गवतं जून-जुलैशिवाय नीट ओळखता येत नाहीत.

माझं ठाम मत आहे की साध्या तणांची नोंद दुर्मीळ फुलांइतकीच मोलाची असते. आज सगळीकडे आहे म्हणून गाळलेलं रोप उद्या कमी झालं, तर ते सिद्ध कशाने करणार? डॅनिश स्कर्व्हीग्रास बघा. हे मूळचं समुद्रकाठचं छोटं रोप. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्या खारट कडांवरून ते देशाच्या आत शिरलं, आणि नकाशावर त्याचे ठिपके महामार्गांच्या रेषेत उमटले. तिथे नेहमीची रोपं टिपणारी माणसं नसती तर हा प्रवास कळलाच नसता.

डँडेलियन आणि ब्रँबल यांच्या शेकडो सूक्ष्मजाती, म्हणजे अगदी बारीक फरकाच्या जाती, आहेत. तज्ज्ञाने नमुना पाहिला नसेल तर तिथे फक्त गटाचं नाव लिहावं. चुकीच्या नेमक्या नावापेक्षा बरोबर ढोबळ नाव कितीतरी बरं.

रिकाम्या चौकोनाचे अर्थ दोन: रोप नाही, किंवा कुणी गेलंच नाही. ते वेगळे करायचे तर जिथे शोधूनही मिळालं नाही तिथलीही तारीख आणि शोधायला दिलेला वेळ लिहून ठेवायला हवा. आपल्याकडे हे फार नडतं. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरात, म्हणजे तिथल्या वनस्पतींची नोंद करणाऱ्या ग्रंथात (१९०१–१९०८), कितीतरी ठिकाणी पत्ता म्हणून नुसतं 'कोकण' आहे. ते १० किलोमीटरच्या कुठल्या चौकोनात टाकणार? सह्याद्रीत ऋतूचा खोडा वेगळाच. पावसाळ्यात पठारावर हिरवीगार उभी असलेली, हळदीच्या कुळातली चवर दिवाळीनंतर शोधून सापडत नाही. जमिनीखाली तिचा कंद तेवढा असतो. डिसेंबरातल्या यादीत ती नसली, तर त्या चौकोनावर 'नाही' लिहू नका. आधी ऑगस्टात एक फेरी मारा.