पहिला हँडिकॅप काढताना: सोपा कोर्स की अवघड?

गोल्फमध्ये हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला. पहिल्या हँडिकॅपसाठी क्लबला एकूण 54 होलची कार्डं, म्हणजे फटक्यांची नोंद, द्यावी लागतात. 18 होलच्या तीन फेऱ्या करा किंवा 9-9 च्या जोडा, दोन्ही चालतं. इतकं सरळ काम माझं कित्येक आठवडे रखडलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

ग्रिप, स्विंग, रेंजवरचा सराव, सगळं सुरळीत झालं. गाडी अडली ती क्लबच्या हँडिकॅपच्या टेबलापाशी. तिथल्या गृहस्थांचं ठाम मत, की नवख्याने मोठ्या कोर्सवरच कार्ड करावं आणि तेही मागच्या टीवरून, म्हणजे होलपासून सगळ्यात लांबच्या सुरुवातीच्या जागेवरून. "अवघड कोर्सवर मार खाल्ल्याशिवाय खेळ सुधारत नाही," हे ते प्रत्येकाला सांगायचे. शेजारचा छोटा कोर्सही रीतसर रेटिंग झालेला (म्हणजे अवघडपणा मोजून नोंदवलेला) होता, पण तिथलं कार्ड घ्यायलाच ते तयार नव्हते.

त्या मोठ्या कोर्सवर एक पार 4, म्हणजे चार फटक्यांत संपणं अपेक्षित असलेला होल आहे. टीपासून फेअरवेपर्यंत, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यापर्यंत, नुसतं पाणी. माझा ड्राइव्ह (टीवरचा पहिला लांब फटका) बरा बसला तरी पलीकडे पोचायचा नाही. एक दंड घ्यायचा, पुढे जाऊन पुन्हा तळ्यावरूनच मारायचं. चेंडू पलीकडे गेलाच तर गुडघाभर गवतात, म्हणजे रफमध्ये. शोधायला तीन मिनिटं, नाही सापडला तर आणखी एक दंड आणि परत मागे. मागचा गट कमरेवर हात ठेवून उभा. मी चेंडू उचलायची आणि पुढच्या होलकडे चालू लागायची. फेरी संपेपर्यंत जेमतेम चार-दोन फटके असे व्हायचे की ज्यांतून काही शिकता आलं.

आणि मग टेबलावर कार्ड परत: "होल अपूर्ण आहे, चालणार नाही."

हे चूक आहे, आणि माझी चीड आहे ती याच गोष्टीची. स्पर्धेबाहेरच्या फेरीत चेंडू उचलला तर त्या होलचा संभाव्य स्कोअर लिहिता येतो, आणि इंडेक्स (हँडिकॅपचा अधिकृत आकडा) नसलेल्या खेळाडूच्या कार्डावर एका होलचा आकडा पार अधिक 5 च्या पुढे धरतच नाहीत. पार 4 ला जास्तीत जास्त 9. नियम दाखवल्यावरही "बघू", "समितीला विचारतो" यातच दिवस गेले. तुमच्यावर ही वेळ आली तर तोंडी वाद घालू नका, लेखी अर्ज द्या. माझं काम त्यानेच हललं, छोट्या कोर्सची कार्डंसुद्धा घेतली गेली.

अवघड कोर्सवरचाच हँडिकॅप खरा, या त्यांच्या म्हणण्यालाही आधार नाही. स्कोअरमधून कोर्स रेटिंग (कसलेल्या खेळाडूला तिथे लागतील असे धरलेले फटके) वजा करून 113 ने गुणतात आणि स्लोपने (साध्या खेळाडूला तो कोर्स त्याच्या तुलनेत किती जड जातो त्याचा आकडा) भागतात. रेटिंग 69, स्लोप 113 च्या कोर्सवर 114 फटके लागले तर उत्तर 45. रेटिंग 74, स्लोप 140 वर 130 लागले तर 45.2. म्हणजे हिशेब जवळपास तोच. वरचे सोळा फटके मात्र बहुतेक दंडात आणि शोधाशोधीत जातात.

छोट्या कोर्सवर मी पहिल्यांदा प्रत्येक होल पटरने (चेंडू खड्ड्यात लोटायच्या काठीने) संपवला. तीस-चाळीस यार्डांवरून चिप (छोटा, उचलून मारलेला फटका), उतारावरचा पट, पार 3 ला कोणता आयर्न (लोखंडी काठी) घ्यायचा, हे प्रश्न तिथे फेरीभर समोर येत राहिले. खेळ सुधारला तो तिथे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तीन कार्डांत सगळ्यात चांगल्या फेरीच्या, वरच्या हिशेबाने आलेल्या आकड्यातून 2 वजा होतात, तसा माझा पहिला इंडेक्स 43 आला. कमाल मर्यादा 54 आहे, त्यामुळे मला तो अभिमानाने सांगावासा वाटतो.

सांगायचं राहिलं: कार्डावर मार्करची, म्हणजे सोबत राहून स्कोअर लिहिणाऱ्याची, सही त्याच दिवशी घ्या, नंतर माणसं सापडत नाहीत. आणि रेटिंग, स्लोप प्रत्येक टीचं वेगळं असतं, बायकांचं आणि पुरुषांचंही वेगळं, तेव्हा आपल्याच टीची ओळ वाचा.

मोठ्या कोर्सवर मी आता जाते, पण पुढच्या टीवरून. तिथून ते तळं माझ्या ड्राइव्हच्या आवाक्यात येतं. फेरीत चेंडू हरवणं एक-दोनवर आलं की तुम्हीही जा. त्याआधी कोणी कितीही आग्रह केला तरी नाही म्हणा.