वेड्यांची गोळी

आईच्या केमोच्या फाईलमध्ये, एक्स-रेच्या पाकिटामागं, कात्रीनं कापलेला स्ट्रिपचा एक तुकडा अजून आहे. चार गोळ्या, चारही शाबूत. आण्णा दोनदा म्हणाले टाकून दे. मी टाकत नाही.

गेल्या वर्षी आईला स्तनाचा कॅन्सर निघाला. वय 63, अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त, दोन बाळंतपणं सोडली तर दवाखान्यात कधी रात्र काढलेली नाही. ऑपरेशन झालं आणि मिरजेत केमो ठरली. आधी लाल औषधाचे चार डोस, दर 21 दिवसांनी, मग दुसऱ्या औषधाचे दर आठवड्याला एक असे बारा. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन, त्याच्या जोडीला सायक्लोफॉस्फामाइड. लघवी लाल होईल, घाबरू नका, असं डे केअरच्या सिस्टर आधीच सांगून ठेवतात.

पहिला डोस नीट पार पडला. घरी यायला निघालो तेव्हा हातात औषधांची चिठ्ठी होती. उलटीसाठी एक इंजेक्शन सलाईनच्या आधीच झालं होतं. ॲप्रेपिटंट नावाच्या कॅप्सूलचा तीन दिवसांचा पॅक, त्यातली 125 ची तिथंच दिलेली, 80 च्या दोन घरी घ्यायच्या. डेक्सामेथासोन सकाळी. आणि शेवटच्या ओळीत ओलान्झापिन 5, रात्री झोपताना, चार दिवस.

आमच्या गावातल्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही मानसिकच्या पेशंटना जाती. कॅन्सरला कशाला लिहिली कुणास ठाऊक. झोप लई येती हिनं." बोलत बोलत त्यानं चार गोळ्या कापून दिल्या. त्याचा हेतू वाईट नव्हता. घरी येऊन मी मोबाईलवर नाव टाकलं तर पहिल्याच ओळीत स्किझोफ्रेनिया. ते मी मोठ्यानं वाचलं, ही माझी पहिली चूक. आण्णांची एक चुलत बहीण आयुष्यभर अशाच गोळ्यांवर होती आणि गावानं तिला जे नाव ठेवलं ते तिच्या तेराव्यापर्यंत पुसलं नाही. आण्णा म्हणाले, "हिचं डोकं ठिकाणावर आहे. वेड्यांची गोळी नको." मी मान हलवली. उलटीच्या आणखी तीन गोष्टी चालूच आहेत, एक नसली तर काय बिघडतंय, असा माझा हिशेब.

मी महावितरणमध्ये आहे. आमच्याकडं परमिट घेतल्याशिवाय पोलवर चढायचं नाही, आणि परमिट मिळालं तरी अर्थिंगचा रॉड लावल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. नवीन पोरं विचारतात, सप्लाय बंद केलाय ना साहेब, मग रॉड कशाला? कारण कुणाच्या तरी घरचा जनरेटर चालू असतो आणि करंट उलटा येतो. रॉड न लावल्याबद्दल मी माणसांना लेखी ताकीद दिलेली आहे. आणि घरात डॉक्टरच्या कागदावरची एक ओळ मी स्वतःच खोडली, तीही मोबाईलवर पाच मिनिटं घालवून.

पहिली रात्र बरी गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून आई गप्प झाली. जेवण नको, चहा नको, फोडणीचा वास आला की पदर नाकाला. विचारलं तर "काही नाही, जरा कोरडं पडलंय". बाथरूममध्ये मात्र सारखी जायची आणि आत नळ धो धो सोडायची. आमच्याकडं पाणी एक दिवसाआड येतं. बादली उपडी पडली तर ओरडणारी ही बाई नळ असा कसा सोडतेय, हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही. तिनं दार ढकललं तेव्हा आई भिंतीला टेकून खाली बसली होती. उलटीचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून नळ. "तुम्ही जेवत होता," एवढंच म्हणाली.

चौथ्या दिवशी मिरजेला नेलं. जीभ चामड्यासारखी झालेली, उठलं की डोळ्यांपुढं अंधार. सलाईन लावलं, एक रात्र ठेवून घेतलं. केमोच्या डॉक्टर मॅडमनी सगळी औषधं टेबलावर मांडायला सांगितली. चार गोळ्यांचा तुकडा उचलला, उलटा करून बघितला, आणि ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी चिठ्ठीच्या पाठीमागं चार चौकोन काढले, प्रत्येकात एकेका औषधाचं नाव लिहिलं आणि सांगितलं की मळमळीला मेंदूकडं जायच्या वाटा अनेक आहेत, एक औषध एक वाट धरतं. ओलान्झापिन एकटंच तीन-चार ठिकाणी आडवं येतं. मला एकदम न्यूट्रल आठवला. न्यूट्रल तुटला की तिन्ही फेज जाग्यावर असून घरातले टीव्ही-फ्रिज जळतात.

त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मी गाइडलाइन्स वाचल्या. आधीच वाचायला हव्या होत्या, पण अशा गोष्टी सामान्य माणसाला वाचायला मिळतात हेच मला माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या एनसीसीएन या संघटनेच्या गाइडलाइन्स नाव नोंदवलं की फुकट उघडतात. आपल्याकडं टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं 2012 पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे, त्यांच्याही आहेत. मी समजत होतो की गाइडलाइन म्हणजे गाठीचं काय करायचं तेवढंच. पण उलटी, ताप, तोंड येणं, दुखणं, थकवा, यांची वेगळी प्रकरणंच आहेत, तक्त्यांसकट.

उलटीच्या तक्त्यात केमोच्या औषधांचे चार गट केलेत. आईची जोडी सगळ्यात वरच्या गटात. बचावाची औषधं न देता दिली तर शंभरातल्या नव्वदहून जास्त माणसांना उलटी होते तो गट. त्याला चार औषधांचं कुंपण, आणि चौथं नाव ओलान्झापिन. ही गोळी स्किझोफ्रेनियासाठीच बाजारात आली हे खरंच. पण 2016 मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाकीची तीन औषधं सगळ्यांना सारखी, निम्म्यांना वर ओलान्झापिन, निम्म्यांना नुसती दिसायला तशी गोळी. पाचही दिवस अजिबात मळमळ न झालेले लोक ओलान्झापिनच्या बाजूला 37 टक्के, दुसऱ्या बाजूला 22. आकडा वाचून मी थोडा खट्टू झालो, 37 म्हणजे काही फार नाही. पण उलटी थांबवणारी औषधं बऱ्यापैकी होती, मळमळ थांबवणारं धड काही नव्हतं. उलटी झाली की माणूस मोकळा तरी होतो, मळमळ बसून राहते.

मेडिकलवाला झोपेबद्दल बोलला तेही खोटं नव्हतं. त्या अभ्यासात डोस 10 मिलिग्रॅमचा होता आणि माणसं दिवसाही पेंगायची. म्हणून पुढं जपानमध्ये 5 वर काम झालं, आणि 2024 मध्ये परळच्या टाटामधून 2.5 चा अभ्यास आला. उलटीवरचा ताबा 10 इतकाच, पेंग कमी. वाचल्यावर मी मॅडमना विचारलं आणि पुढच्या वेळी त्यांनी 2.5 लिहून दिली. आमच्या पूर्ण चिठ्ठीत तीच सगळ्यात स्वस्त, एक गोळी चहाच्या कपापेक्षा कमी पैशात.

पण एक गोष्ट परत आणता आली नाही. दुसऱ्या डोसला हॉस्पिटलच्या दारात, हातावर सॅनिटायझर घेतल्या घेतल्या आईला उमळ आली. अजून सुई टोचायची होती. मॅडम म्हणाल्या, मेंदू शिकला. वास आणि उलटी यांची गाठ एकदा बसली की सुटता सुटत नाही, गोळ्या त्यावर नीट चालत नाहीत, आणि उत्तम उपाय एकच की पहिला डोस त्रासाशिवाय जाऊ द्यायचा. हेच वाक्य मी बाकड्यावरच्या त्या रात्री तक्त्याखालच्या टिपेत वाचलं होतं. आमचा पहिला डोस होऊन गेला होता.

मग डोसच्या आदल्या रात्री आणि सकाळी शांत ठेवणारी एक छोटी गोळी सुरू झाली. आईनं स्वतःचा उपाय म्हणून ओव्याची पुरचुंडी आणली आणि सॅनिटायझरऐवजी साबणानं हात धुवायची परवानगी सिस्टरांकडून मिळवली. तिसऱ्या डोसला दारात थांबली, पुरचुंडी हुंगली, आत गेली.

तापाचं प्रकरण मात्र आम्ही वेळेत वाचलं होतं. फ्रिजवर मी लाल पेननं 100.4 लिहून चिकटवलं होतं. तिसऱ्या डोसनंतर नवव्या दिवशी, रात्री एक वाजता 101 भरला. आण्णांचा हात सवयीनं क्रोसिनकडं गेला, बायकोनं डबाच उचलून ठेवला. पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना ताप ही एकच खूण असते, ती गोळीनं झाकायची नाही, थेट जायचं. मिरजेत पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून चालू झालं. पेशी 400 निघाल्या. पाच दिवसांनी घरी. चौथ्या डोसला दुसऱ्या दिवशी पेशी वाढवायचं इंजेक्शन पोटावर दिलं, ताप आला नाही.

(खाण्याबद्दल नातेवाइकांनी जे सांगितलं त्यावर वेगळी पोस्ट होईल. कच्चं काही द्यायचं नाही, असा सगळ्यांचा हुकूम. गाइडलाइन्स म्हणतात त्या बंदीनं संसर्ग कमी होतो असं दिसत नाही, स्वच्छ धुऊन, घरी चिरून द्या. आईला काकडीची कोशिंबीर मिळाली तेव्हा ती आमच्यावर पहिल्यांदा खूश झाली.)

आता बारापैकी सात झालेत. या औषधाला, पॅक्लिटॅक्सेलला, उलटीचा धोका कमी, म्हणून चौकोनही कमी. ओलान्झापिन बंद झालं. गेल्या मंगळवारी आई मॅडमना म्हणाली, "ती वेड्यांची गोळी का काढली ओ? त्या गोळीनं भाकरी दोन जायच्या आणि झोप लागायची."

मॅडम हसल्या. आण्णा फाईल चाळत बसले होते, त्यांनी मान वर केली नाही.