डिस्लेक्सियाच्या आड राहिलेला ऑटिझम

भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात असलेले, पस्तिशीचे गृहस्थ बायकोच्या आग्रहावरून माझ्याकडे तपासणीला आले. (त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचन-लेखनातल्या अडचणीचं, निदान शाळेतच झालेलं, दहावीला बोर्डाची जादा वेळेची सवलतही मिळालेली. पुढे जे जे अडलं ते सगळं त्याच खात्यावर पडत गेलं. ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर देत नाहीत? वाचायला जड जातं. सुपरवायझरशी खटके उडतात? रिपोर्ट लिहिण्याचा ताण असेल. पण कॅन्टीन सोडून स्टोअररूममध्ये एकटेच डबा का खातात, हे कुणी विचारलं नव्हतं.

मोठ्या माणसांची तपासणी आपल्याकडे अवघडच. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची अध्ययन-अक्षमतेची चाचणीसुद्धा मुलांसाठी बेतलेली आहे. मी आधी निरर्थक शब्द वाचायला दिले. ओळखीचा शब्द माणूस सवयीने, अंदाजाने निभावून नेतो. बनवलेल्या शब्दाचं तसं नसतं, तिथे प्रत्येक अक्षराचा उच्चार जुळवावाच लागतो. ‘मकटीर’चं ‘मटकीर’ झालं, जोडाक्षरांपाशी तर ते थांबूनच राहिले. डिस्लेक्सियाबद्दल शंका उरली नाही.

मग उतारा दिला. सुमनकडे पाहुणे बसलेत, रात्रीचे साडेदहा वाजलेत, ती पुन्हा चहा विचारते आणि घड्याळाकडे बघते.

“ती घड्याळाकडे का बघते?”

“वेळ बघायला.”

अक्षरं जुळवण्यातच सगळी शक्ती गेली तर आशय निसटतो. म्हणून तोच उतारा मी मोठ्याने वाचून दाखवला. अडचण फक्त वाचनाची असेल, तर ऐकल्यावर बरोबर उत्तर सहसा सापडतं. त्यांनी घड्याळ कुठल्या भिंतीवर, कप किती, सगळं बिनचूक सांगितलं. आणि सुमन?

“किती वाजले ते कळायला.”

पाहुण्यांनी आता निघावं, हा न बोललेला इशारा त्यांना कळलाच नव्हता. ऑटिझममध्ये असं होऊ शकतं. पण एवढ्यावरून ऑटिझम ठरत नाही, लहानपण तपासावं लागतं. दुपारी त्यांच्या आईंना आत बोलावलं. “बोलायला उशिरा लागला, मॅडम. पण गावापर्यंतचे एसटीचे थांबे क्रमाने पाठ! मुद्दाम एक गाळला तर रडून घर डोक्यावर घ्यायचा. दिवाळीत पहिला फटाका वाजला की पलंगाखाली. आम्ही म्हणायचो, स्वभाव आहे.”

शाळेला वाचनच दिसलं, कारण मार्क तिथे जात होते. बाकी सगळं घरात स्वभाव म्हणून मुरलं. एका माणसात दोन्ही असू शकतात. २०१६च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत दोन्हींची नोंदही स्वतंत्र आहे. तरी पहिलं सर्टिफिकेट हातात पडलं की शोध थांबतो, याचा मला मनापासून राग येतो. कारण मदत वेगवेगळी लागते. मजकूर वाचून दाखवणारं ॲप डिस्लेक्सियाला उपयोगी, पण “जरा बघून घे” म्हणजे नेमकं काय आणि कधी, हे ॲप सांगत नाही. तिथे सूचनाच स्पष्ट हवी.

पुढच्या भेटींत ऑटिझमची रीतसर तपासणी झाली आणि निदान पक्कं झालं. मग कंपनीसाठी पत्राचा मसुदा केला: रिपोर्ट बोलून रेकॉर्ड करू द्यावा, डबा खायला शांत जागा द्यावी, काम शक्यतो तारीख-वेळेसह सांगावं. त्यांनी तो फोनवर ऐकला आणि विचारलं, “शक्यतो म्हणजे कधी कधी नाही सांगितलं तरी चालेल का?”

मी ‘शक्यतो’ काढून ‘प्रत्येक वेळी’ लिहिलं.