आठ ओळींची कविता आणि तीन पानांची झेरॉक्स

लेकीची काव्यवाचन स्पर्धा होऊन आठवडा झाला तरी माझं डोकं शांत होत नाहीये म्हणून लिहून टाकते, पुढच्या वर्षी कुणाच्या तरी कामी येईल. 27 फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, त्याच्या आगेमागे मुंबईत अशा स्पर्धांचा नुसता पाऊस पडतो. लेक सातवीत आहे, सेमी इंग्लिश. आम्ही भांडुपला आणि स्पर्धा दादरच्या एका संस्थेची. नाव नाही घेत.

कविता निवडायला फार वेळ गेला नाही. आधी 'कणा' ठरली होती, माझ्या लहानपणी मीही तीच म्हणायचे आणि शेवटाला टाळ्या ठरलेल्या. पण शाळेतल्या निवड फेरीत सव्वीस पोरांमधल्या सात जणांनी 'कणा'च म्हटली, आमची त्यातली पाचवी, आणि सातव्याच्या वेळेला बाई चक्क खिडकीबाहेर बघत होत्या. तरी आमचीची निवड झाली, फक्त बाई म्हणाल्या कविता बदला. मग नारायण सुर्वे बघितले, माझे सासरे लालबागला गिरणीत होते त्यामुळे घरात सुर्व्यांवर फार जीव, पण बारा वर्षांच्या पोरीच्या तोंडी ते सगळं उसनं वाटायला लागलं. शेवटी तिनेच बालकवींची 'औदुंबर' काढली. मी म्हटलं अगं तीन मिनिटं दिलीयेत आणि ही आठ ओळींची, मिनिटात संपेल. तर म्हणे, मग संपू दे ना.

व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवलेली कविता होतीच, ती प्रिंट करून फ्रिजवर लावली, दोन दिवसांत पाठ. मला वाटलं झालं काम.

फॉर्म मात्र हातात नेऊन द्यायचा, ऑनलाइन नाही, आणि खिडकी उघडी सकाळी अकरा ते एक. म्हणजे नोकरी करणाऱ्या बाईने हाफ डे टाकायचा. तो टाकून गेले तर खिडकीतल्या गृहस्थांनी प्रिंटआउट दोन बोटांत धरला आणि म्हणाले, "मॅडम, हे नेटवरचं आहे."
"कविता तीच आहे ना पण."
"असेल. संग्रहाचं मुखपृष्ठ, प्रकाशकाचं पान आणि कवितेचं पान, तिन्हीची झेरॉक्स लागते. नियम नऊ."
नियम नऊ फॉर्मच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात. (फॉर्मची मागची बाजू वाचा. मी वाचली नव्हती, ती माझी चूक.)

घरी येऊन आईला फोन केला, तिने जुनी क्रमिक पुस्तकं माळ्यावर जपून ठेवलीयेत, त्यातल्या एकात 'औदुंबर' निघाली. मी खूश. पुन्हा हाफ डे, पुन्हा खिडकी. "पाठ्यपुस्तक म्हणजे संग्रह नव्हे." अहो पण सरकारने छापलंय! "संग्रह म्हणजे कवीचा संग्रह." वर फॉर्मवर शाळेचा आडवा शिक्का होता तर गोल हवा म्हणाले, हे पहिल्या खेपेला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, पण नाही, एका खेपेला एकच चूक सांगायची असा बहुतेक नियम दहा असावा. मुदत संपायला चार दिवस.

शाळेच्या लायब्ररीत पुस्तक आहे असं बाई म्हणाल्या, पण कपाटाची किल्ली ज्या सरांकडे ते मतदार यादीच्या ड्युटीवर. दादरच्या दुकानात विचारलं, मागवून देतो, आठ-दहा दिवस लागतील. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात म्हणून ऑफिस सुटल्यावर तिथे गेले, तर इंजिनिअरिंगच्या गाइडचे ढीग आणि इंग्रजी कादंबऱ्या, मराठी कविता म्हटल्यावर तो पोरगा माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी त्याच्याकडे रॉकेल मागितलं. लोकलमध्ये उभी राहून अक्षरशः रडायला आलं. बालकवी 1918 मध्ये गेले, रेल्वेच्याच अपघातात, उणीपुरी सत्तावीस वर्षांचं आयुष्य, आणि त्या माणसाच्या आठ ओळी खऱ्या आहेत हे मी दादरला सिद्ध करत फिरतेय.

आणि पुस्तक निघालं कुठे, तर आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर! निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत, आम्ही सगळे आजी म्हणतो. लिफ्टमध्ये मी कुणाशी तरी फोनवर कुरकुरत होते ते त्यांनी ऐकलं. बालकवींच्या कवितांचं पुस्तक, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, आत त्यांचं नाव आणि 1971. पुस्तक नजरेआड करायला मात्र तयार नाहीत, साडी बदलून, छत्री घेऊन (फेब्रुवारीत) स्वतः झेरॉक्सवाल्याकडे आल्या. त्याने पुस्तक काचेवर उपडं घालून तळहाताने दाबलं तशा ओरडल्या, "अरे हळू, पाठ मोडेल त्याची!" तीन पानं, सहा रुपये.

तिसऱ्या खेपेला गृहस्थांनी तिन्ही पानं बघितलीसुद्धा नाहीत. स्टेपलर मारला आणि गठ्ठ्यात टाकलं.

आता खरी गंमत. रात्री लेकीने झेरॉक्स वाचली आणि म्हणाली, आई, आपलं चुकलंय. पुस्तकात 'हिरवी गरदी', आमच्या फ्रिजवर 'गर्दी'. मात्रा मोजल्या तर तेवढ्याच, पण 'गरदी' तोंडात कशी सैल, शेतात पसरल्यासारखी वाटते, आणि 'गर्दी' म्हटलं की आठ बारची लोकल. 'तयांतुनि'चं तर कुणीतरी 'त्यातून' करून टाकलेलं, ती ओळ तिथे लंगडायची आणि आम्ही पोरीलाच ओरडत होतो की तू अडखळतेस. पाठ करायला दोन दिवस लागलेले, चुकीचं पुसायला सहा लागले. म्हणजे नियम नऊमुळे फायदा झाला हे कबूल, पण त्या खिडकीत जाऊन हे मी मरेपर्यंत सांगणार नाही. तुम्ही मात्र आधी पुस्तक शोधा, मग पाठ करायला बसा.

तयारी आजींनीच घेतली. लेक 'झरा'मधला झ हिंदी 'झरना'सारखा म्हणायची, आजी म्हणाल्या हा 'झाड'मधला झ, आणि 'जळ'मधला ज 'जग'मधला. चालीवर म्हणायचं नाही, चाल लागली की शब्द झोपतात. हातवारे बंद. सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या ओळीवर गेला, 'बसला असला औदुंबर'. लेक 'बसला असला' एका दमात म्हणायची, म्हणजे कुणीतरी कुठेतरी बसला असेल बाबा, असं. आजींनी 'बसला'नंतर थांबायला लावलं. मग 'असला', म्हणजे असा, हा समोर दिसतोय असा. त्या एका थांबण्यासाठी चार संध्याकाळी गेल्या, खाली कुकरच्या शिट्ट्या आणि वर आमचं 'असला'.

हो, एक राहिलं, मोबाइलवर रेकॉर्ड करून मुलांना त्यांचंच ऐकवा, आपण सांगितलेलं ऐकत नाहीत. आणि घसा बसेल म्हणून दही बंद वगैरे काही करू नका, आमची त्या दिवशी सकाळी दहीभात खाऊन गेली.

स्पर्धेत तिचा नंबर एकतिसावा. तिच्या आधी एका मुलाने माइक हलेपर्यंत आरोळ्या ठोकल्या. हिने जेमतेम सव्वा मिनिट घेतलं, 'बसला'नंतर थांबली आणि मला वाटलं विसरली, माझा श्वास अडकला, पण मागच्या रांगेतला खुर्च्यांचा आवाजपण थांबला होता तेव्हा. दुसरा नंबर आला. माझी लेक आहे म्हणून नाही, पण पहिला यायला हवा होता.

प्रमाणपत्रावर कवितेचं नाव छापलंय 'ओदुंबर'. खिडकीत विचारलं तर म्हणाले दुरुस्त होईल, अर्ज द्या, सोबत मूळ प्रमाणपत्र आणि कवितेच्या पानाची झेरॉक्स. अकरा ते एक.