व्होल्गेतला मनोरा

रेवदंड्याला गेलो की मी अफनासी निकितिनच्या स्मारकापाशी घटकाभर थांबतो. पंधराव्या शतकात घोडा विकून चार पैसे मिळवावेत म्हणून चौलच्या बंदरात उतरलेला आणि पुढे जुन्नरला पावसाळ्यात अडकून पडलेला हा रशियन व्यापारी मूळचा त्वेर शहराचा. व्होल्गेतून निघाल्यावर वाटेत काल्याझिनच्या मठात थांबून महंत मकारी यांचा आशीर्वाद घेतला, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. त्या एका वाक्यापायी मी नकाशावर काल्याझिन शोधले.

सापडले ते एक छायाचित्र. संथ, रुंद व्होल्गा आणि तिच्या पात्रातून सरळ वर निघालेला पांढरा मनोरा; शेजारी ना देऊळ, ना घर, ना रस्ता. 1800 साली बांधून पूर्ण झालेले हे 74.5 मीटर उंचीचे घंटाघर एका चर्चचे होते आणि त्याच्या आसपास गावाचा बाजार भरत असे. उग्लिचच्या धरणासाठी 1939-40 मध्ये पाणी सोडण्याचे ठरले, तेव्हा चर्च उतरवण्यात आले आणि जुन्या गावाचा मोठा भाग पाण्याखाली गेला. निकितिनने जिथे आशीर्वाद घेतला तो मठही सुटला नाही. तो पाडण्यापूर्वी जाणकारांनी भिंतींवरच्या चित्रांचे काही तुकडे अलगद सोडवून घेतले, ते आज संग्रहालयांत आहेत. घंटाघर मात्र राहिले. नदी तिथे मोठे वळण घेत असल्याने येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींना खूण म्हणून ते उपयोगी पडले. 1980च्या दशकात त्याच्या पायाभोवती भराव घालून छोटेसे बेट करण्यात आले.

त्यातली सर्वांत मोठी घंटा पाण्यातच राहिली आणि 1941 साली जर्मनीशी युद्ध पेटण्यापूर्वी ती आपोआप वाजली, अशी कथा तिथे सांगतात. मला ती खरी वाटत नाही. पण ज्यांचा बाजार बुडाला त्यांनी निदान घंटा तरी वाजती ठेवावी, हे समजण्यासारखे आहे.

मला खटकते ते या मनोऱ्याबद्दलचे माझेच कौतुक. चर्च, दुकाने, चिखलाचा रस्ता आणि भाव करणारी माणसे यांच्या गर्दीत हा मनोरा असता, तर त्याचे चित्र मी दुसऱ्यांदा पाहिले असते का? गावाजवळ 64 मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीणही आहे, पण ती मला कधी कोणी कौतुकाने दाखवलेली नाही.

हिवाळ्यात व्होल्गा गोठली की लोक बर्फावरून चालत मनोऱ्यापर्यंत जातात. त्यांच्या पायांखाली जुनी बाजारपेठ असते.