सह्याद्रीत अजगर कुठे राहतो: कुंभार्ली ते मोले, घाटांच्या पायथ्याने

सह्याद्रीत अजगर पाहायला म्हणून माथ्यावरच्या पॉइंटांवर फिरणाऱ्यांच्या हाती सहसा काही लागत नाही. बारमाही पाणी, ऊन येणारा उघडा कातळ आणि खोल बीळ ही तिन्ही हाकेच्या अंतरावर असतील तिथे हा प्राणी टिकून राहतो, आणि अशा जागा जास्त करून घाटांच्या तळाला आहेत. म्हणून हिवाळ्यातली ही फेरी चिपळूणपासून गोव्यातल्या मोल्यापर्यंत पायथ्यानेच केली. मधलं अंतर मुंबई-गोवा महामार्गाने काटायचं आणि प्रत्येक घाटाखाली आत वळायचं.

सगळ्यात जास्त वेळ कुंभार्ली घाटाखालच्या शिरगाव-पोफळी पट्ट्याला द्यावा. कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारं पाणी वाशिष्ठीत येतं, त्यामुळे आजूबाजूचे पऱ्ये कोरडे पडले तरी ही नदी एप्रिल-मेमध्येही वाहती असते. पाण्यावर रानडुकराची पिल्लं, भेकरं, ससे, पाणपक्षी येतात. अजगराला आणखी काय हवं?

इथे साप शोधत बसू नका, बिळं शोधा. अजगर स्वतः बीळ खोदत नाही, साळिंदराचं वापरतो. तोंडाशी पडलेले काळे-पांढरे काटे, रुंद दार आणि बाहेर ओढलेली माती ही त्याची खूण. साळिंदर आत नांदत असतानाही अजगर त्याच बिळात राहतो. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात हे चांगलं नोंदलं गेलं आहे. बिळाजवळच्या धुळीत माग बघा. धामण किंवा नाग नागमोडी माग सोडतो, पण मोठा अजगर पोटाच्या खवल्यांवर सरळ सरकतो, त्यामुळे धुळीत रुंद, जवळपास सरळ पट्टा उमटतो. विष्ठेत केस, नख्या आणि चुन्यासारखा पांढरा गोळा दिसतो.

कात मिळाली तर शंकाच उरत नाही. शरीराच्या मध्यावर, एका बाजूच्या पोटपट्टीपासून पाठीवरून दुसऱ्या बाजूपर्यंत खवल्यांच्या रांगा मोजायच्या. धामणीच्या सतराच्या आसपास भरतात, घोणसीच्या तिसाच्या आसपास, अजगराच्या साठाच्या पुढेमागे. पोफळीच्या बाजूला एका बिळाच्या तोंडाशी अडकलेल्या कातीवर हे बारीक, एकमेकांना चिकटून बसलेले गुळगुळीत खवले नुसत्या डोळ्यांनी वेगळे कळत होते. पोटाचे आडवे खवले मात्र अंगाच्या मानाने अरुंद होते. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना नखासारखे काटे असतात, त्यांचेही ठसे कातीत राहतात. फोटो काढा आणि कात तिथेच ठेवा. अजगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याचा कोणताही अवशेष घरी नेला की अडचणीत याल.

वेळ: डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेआठ ते अकरा. रात्री गारठा आणि सकाळी लख्ख ऊन असेल तोच दिवस धरा. ढगाळ दिवशी फेरी फुकट जाते. कोकणातली थंडी सौम्य असल्यामुळे भरतपूरसारखे तासन्‌तास उन्हात पसरलेले अजगर इथे अपेक्षू नका. ऊन खाऊन झालं की तो आत जातो. दहा मीटरच्या आत जाऊ नये, दुर्बीण पुरते. अंग मध्येच फुगलेलं दिसलं तर आणखी लांब थांबा, कारण भक्ष्य पोटात असताना छेडलं की तो ते ओकून टाकतो आणि आठवड्यांचं खाणं वाया जातं.

आता सर्वांत धोक्याची गोष्ट. ‘अजगराचं पिल्लू’ म्हणून लोक घोणस हातात धरतात. घोणसीच्या पाठीवर गोल-लंबगोल ठिपक्यांच्या साखळीसारख्या तीन रांगा असतात, खवले खरखरीत, आणि डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा जोरदार फूत्कार. अजगराचे पट्टे वेडेवाकडे, एकासारखा दुसरा नाही, आणि डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण. शंका असली तर ती घोणसच समजा. चावली तर आवळपट्टी बांधू नका, जखम कापू नका, अवयव हलवू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा. अजगराला विष नाही, पण मागे वळलेल्या दातांनी जखम खोल होते. ती धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं.

आंबा घाटाखालचा साखरपा आणि फोंडा घाटाचा पायथा पाहण्यासारखे आहेत, पण वस्ती आणि बागा वाढल्याने बिळं तुटक सापडतात. आंबोलीत फार वेळ घालवू नका: माथा सुमारे 690 मीटरवर, धुकट आणि ओला. बेडूक आणि चापडा या विषारी सापासाठी आंबोली उत्तम, अजगरासाठी खाली दाणोलीकडची ओढ्याची बाजू बरी.

तिलारीचं खोरं मात्र सोडू नये. 2020 मध्ये त्याचा काही भाग संवर्धन राखीव झाला. या बाजूला अजगराला ‘आर’ म्हणतात; त्या नावाने विचारलंत तर जाणती माणसं लगेच बोलू लागतात. पुढे मोल्याला भगवान महावीर अभयारण्यात नाक्यावर परवानगी घेऊनच आत जा. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या बहुतेक अभयारण्यांचे पर्यटन मार्ग बंद असतात आणि रात्री पायी फिरायला कुठेच मुभा नसते. पावसात घाटरस्त्यांवर रात्री अजगर रस्ता ओलांडताना चिरडले जातात. तो सरळ, सावकाश सरकतो, हेडलाइटने बिचकून पळत नाही. गाडी चाळिसाच्या आत ठेवा.

मार्च ते जून फेरी आखू नये, असं आमचं ठाम मत आहे. मादी तेव्हा अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, गारवा वाढला की अंग थरथरवून त्यांना ऊब देते, आणि साधारण दोन महिने क्वचितच हलते. नेमके याच काळात डोंगरउतारांना वणवे लागतात. बांध साफ करताना किंवा ऊस तोडताना अंडी दिसली तर ती उचलू नका, फिरवू तर मुळीच नका. आतला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटलेला असतो, अंडं उलटलं की तो मरू शकतो. तेवढा तुकडा सोडून बाकी काम उरका.

वाटेतल्या वाड्यांवर एक तक्रार नेहमी ऐकू येते: खुराड्यात शिरलेला अजगर. फटीतून आत येतो, कोंबडी गिळतो आणि फुगल्यामुळे त्याच फटीतून बाहेर पडता येत नाही. सेंटीमीटरभर छिद्राची वेल्डेड जाळी जमिनीत वीतभर पुरली की प्रश्न मिटतो. नायलॉनची जाळी लावू नका, साप तिच्यात गुंततो आणि सुटायच्या धडपडीत कातडी कापली जाते. आत सापडलाच तर दार बाहेरून लावून महाराष्ट्रात वनविभागाच्या 1926 वर फोन करा. फोटोंवरचं जीपीएस बंद ठेवा. बिळांच्या नेमक्या जागा आम्हीही इथे मुद्दाम दिलेल्या नाहीत.