मधल्या अध्यायातली दया

कुडचडे, २३ जून, रात्री

बायबलमधलं विलापगीत आज वाचून संपवलं. अवघे पाच अध्याय, पण एका बैठकीत वाचवत नाहीत. यरुशलेम पडलंय, मंदिर जळलंय, लेकरं आयांकडे भाकरी मागताहेत.

आमच्या मंडळीत या पुस्तकातली एक-दोन वचनं तेवढी सगळ्यांना पाठ. ‘आम्ही भस्म झालो नाही ही परमेश्वराची दया होय’ आणि पुढचं, ती रोज सकाळी नवी होते ते. कॅलेंडरवर असतात, नव्या घराच्या भिंतीवर असतात. मीही ती नेहमी सुटी-सुटीच वाचली. आज सलग वाचताना ती कुठे बसली आहेत ते दिसलं.

तिसऱ्या अध्यायात ६६ वचनं आहेत. हिब्रू वर्णमालेची २२ अक्षरं, एकेका अक्षराने सुरू होणारी तीन-तीन वचनं. एवढ्या आकांतात हा माणूस अक्षरं जुळवत बसलाय. (जात्यावर ओव्या रचणाऱ्या आमच्या आज्यांना यात काही नवल वाटलं नसतं.) १८ व्या वचनात तो म्हणतो, माझी आशा संपली. २२ व्यात दया येते. मला वाटलं, आता सावरला. पण ४४ व्यात तोच देवाला म्हणतो, आमची प्रार्थना पोचू नये म्हणून तू स्वतःला ढगाने वेढून घेतलंस. म्हणजे दयेचं वचन बोलून झाल्यावरही रडू थांबलेलं नाही. चौथा अध्याय तर पुन्हा राखेतच सुरू होतो.

आमच्या घरगुती सभेत साक्षी होतात, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगतात, त्या अशा नसतात. तिथे गोष्ट पुरी झालेली लागते. आजारी होते, बरे झाले. नोकरी गेली, मिळाली. मग आमेन.

२०१२ साली गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा या भागात दारोदार ट्रक उभे राहिले. पुढे थोड्याफार सुरू झाल्या, तोवर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींची ८८ लीज रद्द केली आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. ह्यांचा टिपर खाणीवरून सावर्ड्याच्या धक्क्यावर माल टाकायचा, तिथून बार्ज जुवारी नदीतून मुरगाव बंदराला. ह्यांना पुढे मडगावला दुसरं काम मिळालं. मी सभेत उठून साक्ष दिली, देवाने सांभाळलं म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. पण मागच्या चटईवर जी बसली होती तिच्या घरचा ट्रक हप्त्यांपायी गेला होता. तिने साक्ष दिली नाही. देवाने तिला सांभाळलं नाही, असं का समजायचं? आमच्या बोलण्याचा अर्थ मात्र तसाच निघत होता.

शेजारच्या कॅथलिक मावशी असल्या वेळी एवढंच म्हणतात, “देव आसा गो.” पुढे काही जोडत नाहीत. आमच्या साक्षींपेक्षा मला आता ते जास्त पटतं.

प्रेषित पौलही रोमकरांस पत्र लिहिताना संकट टळेल असं म्हणत नाही. उपासमार, नग्नता, तलवार, सगळं नाव घेऊन मोजतो आणि मध्येच स्तोत्र ४४ मधलं गाऱ्हाणं घालतो, आम्ही कापायच्या मेंढरांसारखे आहोत. ते तसंच ठेवून पुढे म्हणतो की यातलं काहीही ख्रिस्तातल्या देवाच्या प्रीतीपासून आपल्याला वेगळं करू शकत नाही. त्याची खात्री पगारावर नाही, तब्येतीवर नाही, स्वतःच्या विश्वासाच्या जोरावर तर नाहीच. देवाने आपला पुत्र राखून ठेवला नाही, एवढ्यावर ती उभी आहे. आणि तो पुत्र वधस्तंभावरून काय ओरडला? ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ तेही स्तोत्रच, बाविसावं. टाकलं गेल्यासारखं वाटतंय तेव्हाही तोंडात ‘माझ्या देवा’ आहे.

म्हणून काही दिवस मला प्रार्थना करताना आत नुसतं कोरडं वाटतं, त्याचं आता पूर्वीसारखं भय वाटत नाही. देवाची प्रीती माझ्या वाटण्यावर चालत असती तर कधीच आटली असती.

उद्या सांजांव, योहानाचा सण, विहिरींत उड्या मारायचा. वाड्यावरची पोरं कोपेलांसाठी, डोक्यावरच्या मुकुटांसाठी, फुलं-वेली गोळा करत मघापर्यंत भिजत होती, आता विहिरींची खैर नाही.

रविवारच्या सभेत शास्त्रपाठ माझ्याकडे आहे. विलापगीताचा पाचवा अध्याय वाचते म्हटलं तर हे म्हणाले, “त्याचा शेवट ठाऊक आहे ना?” ठाऊक आहे. तू आमचा अगदीच धिक्कार केला आहेस काय, अशाच सुरात पुस्तक संपतं. सभास्थानात यहुदी लोकही तिथे थांबत नाहीत, त्याच्या आधीचं, आम्हाला परत फिरव हे वचन पुन्हा एकदा वाचतात. पाळकसाहेब बहुधा लगेच प्रार्थनेला उठतील. तरी मी शेवटच्या वचनापर्यंत वाचणार आहे, आणि त्या मागच्या चटईवरच्या बाईंना आधी विचारणार आहे, तिसरा अध्याय त्या वाचतील का म्हणून.